पहिली ध्वनिमुद्रिका : एक न मिटणारा वाद



एखाद्या गायकाची किंवा वादकाची पहिली ध्वनिमुद्रिका हीच त्याची सर्वोत्तम कृति असते काय, आणि असल्यास अशा पहिल्या ध्वनिमुद्रिकांत श्रेष्ठ कोणती, हा वाद रॉक संगीताच्या चाहत्यांत गेलीं कित्येक वर्षें मोठ्या हिरिरीनें चाललेला आहे. सोलापूर शहराच्या दक्षिणेस वाढलेल्या आमच्या जुळे सोलापुरांतहि कॉलेजांतील मुलें एकत्र बसलीं म्हणजे हा विषय निघतो, आणि घरांतले एखादे आजोबा जवळपास असले तर तेहि त्यांत बोलल्यावांचून राहत नाहींत. मुलें बीटल्स, हेंड्रिक्स, लेड झेपेलिन हीं नांवें घेतात. आजोबा अब्दुल करीम खांसाहेबांचें नांव घेतात. आणि मग दोन्ही पक्ष एकमेकांकडे कींव आल्यासारखे पाहूं लागतात. दोघांचेंहि म्हणणें आपापल्या जागीं खरें असून वाद मिटत नाहीं, याचें कारण माझ्या मतें एवढेंच कीं, ‘पहिली’ या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे एक नाहीं. आजच्या भाषणांत त्या दोन अर्थांचा थोडा इतिहास सांगण्याचा माझा विचार आहे. आणि वादांत पडावयाचें तर मत दिलें पाहिजे, म्हणून माझें मतहि सांगणार आहें.

आरंभ पाश्चात्त्यांपासून करूं. ‘अल्बम’ हा शब्द आपण छायाचित्रें चिकटविण्याच्या वहीसाठीं वापरतों. ध्वनिमुद्रिकेला तो लागला तोहि वहीवरूनच. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावत असे. एखादी लांब रचना चारपांच तबकड्यांवर पसरली, कीं त्या तबकड्या कागदी पाकिटांच्या बांधीव वहींत घालून विकीत. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मिनिटाला सुमारें ३३ फेरे घेणारी लांब पल्ल्याची तबकडी बाजारांत आणली. वही गेली, शब्द मात्र राहिला. रॉक संगीताचा सारा वाद या लांब तबकडीच्या जन्मानंतरचा आहे, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

बीटल्स या लिव्हरपूलच्या चौघां तरुणांचा पहिला अल्बम २२ मार्च १९६३ रोजीं प्रसिद्ध झाला. त्यांतील १४ गाण्यांपैकीं १० गाणीं ११ फेब्रुवारी या एकाच दिवशीं लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओंत मुद्रित झालीं. जॉन लेननला त्या दिवशीं पडसें झालेलें होतें; म्हणून घसा फोडणारें गाणें अगदीं शेवटीं ठेवलें, आणि तें पहिल्याच खेपेला साधलें. एका दिवसांत अल्बम तयार झाला हें ऐकून आपण चकित होतों, पण त्यांत चमत्कार कांहीं नाहीं. त्यापूर्वीं हँबुर्ग शहरांतील क्लबांतून आणि स्वतःच्या गांवीं ही मंडळी रात्रीमागून रात्री गाऊन आलेली होती. मुद्रण एका दिवसाचें, रियाज अनेक वर्षांचा. जिमी हेंड्रिक्सचा पहिला अल्बम १९६७ चा. त्याआधीं तो दुसऱ्यांच्या पाठीमागें उभा राहून गिटार वाजवीत असे. लेड झेपेलिनचा पहिला अल्बम जानेवारी १९६९ मध्यें निघाला; त्यांचा मुख्य गिटारवादक जिमी पेज हा त्याआधीं लंडनच्या स्टुडिओंतून परक्यांच्या गाण्यांना हात देऊन कसलेला होता.

तेव्हां पहिल्या अल्बमच्या बाजूनें जो मुद्दा तिकडे मांडतात तो असा : पहिल्या अल्बमला मनुष्याची आजवरची सारी शिल्लक मिळते, आणि दुसऱ्याला जेमतेम वर्षभराची कमाई. हा मुद्दा हिशेबी वाटला तरी खोटा नाहीं. रॉक हें तरुणांचें संगीत आहे; बंडखोरीचा आव, घाई, थोडा अर्धवटपणा हे त्याचे गुणच मानले जातात, आणि हे गुण विशीबाविशीच्या वयांत जसे शोभतात तसे पुढें शोभत नाहींत. दुसरा पक्ष म्हणतो, श्रेष्ठ ती, जिच्यामुळें दुसरे गाऊं लागले. न्यूयॉर्कच्या व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या मंडळीचा १९६७ चा पहिला अल्बम त्या वेळीं फारसा कोणी विकत घेतला नाहीं. पण ज्या थोड्यांनीं घेतला त्यांतल्या प्रत्येकानें स्वतःचा बँड काढला, असें तिकडे विनोदानें म्हणतात. आपल्याकडे मुंबईच्या रॉक मशीन या बँडचा पहिला अल्बम १९८८ सालीं निघाला. त्यांतील गाणीं इंग्रजी होतीं. तरी स्वतः रचलेलीं गाणीं घेऊन आपणहि उभे राहूं शकतों असा धीर त्यानें पुष्कळांना दिला. या दुसऱ्या पक्षाकडे माझा कल आहे. कां, तें पुढें येईल.

आतां आपल्या घराकडे वळूं. वळावयास फार लांब जावें लागत नाहीं. ज्या ग्रामोफोन कंपनीनें हिंदुस्थानांत गाणें मुद्रित करण्यास आरंभ केला, तीच १९३१ सालीं दुसऱ्या एका कंपनीशीं मिळून ई. एम. आय. झाली आणि त्याच सालीं तिनें ॲबी रोडवरचा तो स्टुडिओ उघडला. म्हणजे बीटल्सची पहिली तबकडी आणि आमच्या गायिकांच्या पहिल्या तबकड्या या एकाच घराण्यांतल्या. घराणें गवयांचें नव्हे, यंत्राचें.

१९०२ च्या ऑक्टोबरअखेर या कंपनीचा मुद्रणतज्ज्ञ फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास उतरला. ११ नोव्हेंबर रोजीं त्यानें गौहरजान हिचें गाणें मुद्रित केलें. हिंदुस्थानची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून आपण सर्व तिचेंच नांव घेतों. वस्तुतः तीनच दिवस आधीं शशीमुखी आणि फणीबाला या रंगभूमीवरील दोघी तरुणींचा आवाज त्याच यंत्रांत शिरला होता. पहिलेपणा किती बेभरंवशाचा असतो पाहा! कालगणनेनें पहिल्या ठरलेल्या त्या दोघी आज कोणाच्या स्मरणांत नाहींत; तीन दिवस मागून आलेली गौहरजान मात्र पहिली ठरली आहे.

पण तें अन्यायाचें झालें असें मला म्हणवत नाहीं. तेव्हां मायक्रोफोन नव्हता. भिंतींतून बाहेर आलेल्या एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशीं तोंड नेऊन मोठ्यानें गावें लागे. आवाजाच्या धक्क्यानें पलीकडची सुई मेणावर रेघ ओढी. गाणें तीन मिनिटांत आटोपावें लागे. आणि चुकलें तर मेण फुकट. जी गायिका मैफलींत एकेक चीज तासभर रंगवीत असे, तिला सांगितलें कीं, बाई, आतां सारें तीन मिनिटांत! गौहरजाननें तें करून दाखविलें. थोडी आलापी, लगेच बंदिश, दोनचार ताना, आणि अखेरीस इंग्रजींत स्वतःचें नांव. तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें छापल्या जात; तेथल्या कारागिरांना गाणारें कोण हें कळावें म्हणून नांव सांगण्याची ही रीत होती असें म्हणतात. तीन मिनिटांच्या ख्यालाचा, तीन मिनिटांच्या ठुमरीचा सांचा तिनें घालून दिला, आणि पुढें चाळीसपन्नास वर्षें आमच्या गवयांनीं तोच गिरविला. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडला लावलेली कसोटी येथें लावली तर गौहरजानला तोड नाहीं.

यावर आजोबा मंडळी म्हणतील कीं, ही कसरत झाली. गाणें कोठें आहे? त्यांचा आक्षेप टाळतां येणार नाहीं. त्यांच्या मनांत खांसाहेब अब्दुल करीम खां आहेत. किराणा घराण्याचा हा थोर गवई १८७२ सालीं जन्मला. मिरजेस त्याचें वास्तव्य होतें आणि तेथेंच तो चिरनिद्रा घेत आहे. खांसाहेबांचें गाणें ग्रामोफोन कंपनीनें १९०४-०५ च्या सुमारासच मुद्रित केलें होतें. परंतु आज घरोघरीं जें करीम खां ऐकतात तें तें नव्हे. ज्यांतील आर्त स्वरानें भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी आणलें, त्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका १९३४ नंतरच्या दोनतीन वर्षांतल्या आहेत. तेव्हां त्यांनीं साठी ओलांडलेली होती, आणि १९३७ च्या २७ ऑक्टोबरला मद्रासेकडून पाँडेचरीस जातांना वाटेंतल्या एका स्टेशनावर त्यांचा देहान्त झाला. म्हणजे खांसाहेबांच्या बाबतींत श्रेष्ठ ठरल्या त्या पहिल्या नव्हेत, शेवटच्या.

रॉकचा चाहता आणि ख्यालाचा रसिक यांचें येथेंच बिनसतें. ख्यालगायकाला नवें गाणें आणावयाचें नसतें. राग तोच, बंदिश तीच, गुरूनें दिलेली वाट तीच. नवा असतो तो गाणाऱ्याचा अनुभव, आणि तो विसाव्या वर्षीं कोठून आणावा? पंडित भीमसेन जोशी यांची पहिली ध्वनिमुद्रिका भक्तिगीतांची. ती १९४२ च्या सुमारास निघाली, तेव्हां ते अवघे वीस वर्षांचे होते. ती चांगली असेल. पण भीमसेनांचें मोठेपण तिच्यावरून कोणी मोजलें नाहीं. उलट केसरबाई केरकर यांची एक भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर या अमेरिकन यानांतील सोनेरी तबकडीवर बसून सूर्यमालेबाहेर निघून गेली आहे. ती बाईंची पहिली कीं दहावी, याची विचारपूस पाठविणाऱ्यांनीं केली नसेल, आणि परग्रहावरचे लोकहि करणार नाहींत.

शिवाय ज्यांची पहिलीच नव्हे, एकहि तबकडी नाहीं, त्यांचें काय करावयाचें? केसरबाईंचे गुरु अल्लादिया खांसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. यंत्र दाराशीं येऊन उभें असतांना त्यांनीं त्याच्यापुढें गाण्याचें नाकारलें. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यांचाहि आवाज मागें उरला नाहीं. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव या शिष्यांच्या गळ्यांतून बुवांची जी सावली ऐकूं येते तेवढीच आपली. ध्वनिमुद्रिकांची श्रेष्ठकनिष्ठता ठरविणारी कोणतीहि यादी या दोघांना वगळूनच करावी लागते. आणि अशी यादी वाचतांना तिला मराठी संगीताची यादी समजूं नये, एवढी सावधगिरी आपण बाळगली तरी पुष्कळ झालें.

तरीहि ख्यालाच्या प्रांतांतसुद्धां पहिल्या ध्वनिमुद्रिकेला एक निराळी किंमत येऊं शकते. गंगूबाई हनगल यांचा मर्दानी, भारदस्त आवाज आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. पण १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ‘गांधारी’ या नांवानें त्यांच्या ज्या तबकड्या निघाल्या त्या लावून पाहा : आवाज बारीक, उंच, चपळ आणि मधुर, नांव न सांगतां ऐकविल्या तर जाणकारहि फसावा. पुढें घशाच्या विकारानें आणि त्यावरील उपचारानें तो आवाज गेला, आणि बाईंनीं उरलेल्या आवाजांतून नवें गाणें उभें केलें. त्या नव्या गाण्यानेंच त्या मोठ्या झाल्या. परंतु जो गळा पुन्हां कधींच ऐकूं येणार नव्हता तो या पहिल्या तबकड्यांतच राहिला आहे. श्रेष्ठ म्हणून नव्हे, तर दुसरीकडे कोठें नाहींत म्हणून त्या अमोल आहेत. नऊ दशकांनंतर तो मुलीचा आवाज ऐकतांना अंगावर कांटा येतो, हें मी माझ्यापुरतें सांगतों.

आतां माझें मत. मराठींत पहिलेपणाचा मान मीं द्यावयाचा तर तो ‘शीळ’ या गीताच्या ध्वनिमुद्रिकेला देईन.

विदर्भांतील मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची ही कविता. कायद्याची पदवी घेतलेल्या गोविंदराव जोशी यांनीं, म्हणजे रसिकांच्या जी. एन. जोशींनीं, ती १९३२ च्या सुमारास तबकडीवर गाइली. मराठी भावगीताचा आरंभ पुष्कळ लोक येथूनच धरतात. त्यापूर्वीं कविता गाऊन दाखवीत नसत असें नाहीं. पुण्याचें रविकिरण मंडळ १९२३ सालीं निघालें, आणि त्यांतले कवि गांवोगांव आपल्या कविता गाऊन दाखवीत. पण तें सभेंतलें गायन. तबकडीवर तेव्हां राज्य होतें नाटकाच्या पदांचें. नाट्यपद हें मुळांत हजारभर प्रेक्षकांपुढें, पिटांतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोंचण्यासाठीं घडलेलें. कर्ण्याच्या यंत्रालाहि तसाच बुलंद आवाज हवा असे. तेव्हां दोघांचें चांगलें जमलें. १९२५ नंतर विजेवर चालणारें मुद्रण आलें, मायक्रोफोन आला, आणि प्रथमच असें झालें कीं, गाणाऱ्यानें जवळ बसून बोलल्यासारखें गाइलें तरी तें टिपलें जाऊं लागलें. करीम खांसाहेबांच्या शेवटच्या तबकड्या गोड लागतात त्यांतहि या मायक्रोफोनचा वांटा आहे, हें जातां जातां त्यांच्या भक्तांना सांगून ठेवतों. कर्ण्यापुढचा तिशीचा गवई आणि मायक्रोफोनपुढचा साठीचा गवई यांची तुलना करतांना आपण गवयाबरोबर यंत्रहि तोलीत असतों.

‘शीळ’ हें या नव्या जवळिकीचें गाणें आहे. रानांतून आलेल्या शिळेनें व्याकूळ झालेल्या स्त्रीचें तें मनोगत. आणि गातो तो पुरुष. रंगभूमीवर त्या आधीं बालगंधर्वांनीं स्त्रीचें मन गाइलें होतें, पण शालू नेसून, अलंकार घालून. येथें वेश नाहीं, प्रसंग नाहीं, मागेंपुढें कथानक नाहीं. घरांतल्या कोपऱ्यांत यंत्राला चावी देऊन सुई ठेवली, कीं कोणी अनोळखी मनुष्य कोणा अनोळखी स्त्रीचें दुःख आपल्याला एकट्यालाच सांगत आहे असें वाटावें. असें गाणें मराठी घरानें पूर्वीं ऐकलेलें नव्हतें. पुढें गजाननराव वाटवे यांनीं भावगीत चौकाचौकांतील गणेशोत्सवांत नेलें, आणि त्यानंतर सुगम गायनाची केवढी परंपरा उभी राहिली तें सर्वांना ठाऊक आहे. खुद्द जोशी १९३८ सालीं त्याच ग्रामोफोन कंपनींत नोकरीस लागले आणि स्वतः गाण्यापेक्षां दुसऱ्यांना गातें करण्यांत त्यांनीं आयुष्य वेंचलें.

मुलें येथें हरकत घेतील कीं, हें तर एक गाणें झालें. अल्बम कोठें आहे? पण तीन मिनिटांच्या तबकडीच्या काळीं एक तबकडी, तिच्या दोन बाजू, हाच सारा ग्रंथ असे. आमच्या वस्तीच्या नांवाप्रमाणेंच तें प्रकरण जुळें. चौदा गाण्यांतून बारा बरीं निघालीं तरी अल्बमला थोर म्हणतात. येथें दोनांतलें एक फसलें तर निम्मा डाव गेला. कसोटी कोणाची कठीण होती, याचा विचार मुलांनींच करावा. आणि ‘शीळ’मधें पहिलें काय होतें? गायकाची कारकीर्द नव्हे, गाण्याची जात. रॉकच्या थोर पहिल्या अल्बमांत तरी दुसरें काय आहे?

एवढें झाल्यावर सोलापूरकरांच्या एका हक्काच्या गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून मला उठतां येणार नाहीं. लता मंगेशकर यांचें पहिलें गाणें कोणतें? चित्रपटांचे जाणकार सांगतात, १९४२ च्या ‘किती हसाल’ या मराठी बोलपटांतलें, सदाशिवराव नेवरेकर यांनीं चाल दिलेलें. तें मुद्रित झालें आणि चित्रपटांतून वगळलें गेलें. जगांतल्या एवढ्या मोठ्या गायिकेचें पहिलें मुद्रित गाणें कात्रीखालीं गेलें! त्याच वर्षींच्या ‘पहिली मंगळागौर’ मध्यें दादा चांदेकरांच्या चालीवर त्या गाइल्या, तें मात्र टिकलें.

पण त्याच्या आधीं चार वर्षें, ९ सप्टेंबर १९३८ रोजीं, त्या आपल्या वडिलांबरोबर, म्हणजे मास्टर दीनानाथांबरोबर, सोलापुरांत लोकांपुढें गाइल्या होत्या. नववें वर्ष पुरें व्हावयास तेव्हां एकोणीस दिवस कमी होते. त्यांनीं खंबावती राग गाइला आणि दोन नाट्यपदें म्हटलीं. जाहिरातीकरितां त्या वेळीं काढलेलें छायाचित्र शिल्लक आहे. २०२१ सालीं त्यांनीं स्वतःच तें लोकांपुढें ठेवून, गाऊं लागल्याला त्र्याऐंशी वर्षें झालीं यावर विश्वास बसत नाहीं, असें म्हटलें होतें. त्या कार्यक्रमाची तबकडी निघाली नाहीं. तेव्हां माझ्या यादींत तिला क्रमांक देतां येत नाहीं, आणि ती यादींतून काढवतहि नाहीं. दीनानाथांच्या शेजारीं बसून खंबावतीसारखा राग आठ वर्षांच्या मुलीनें कसा मांडला असेल, हें त्या रात्रीं ज्यांनीं ऐकलें त्यांनाच ठाऊक. त्यांच्या आठवणींत याहून एवढेंच सांपडतें कीं, आपलें गाणें आटोपल्यावर वडील गावयास बसले आणि ही मुलगी रंगमंचावरच, त्यांच्या मांडीवर डोकें ठेवून झोपीं गेली.